आपल्या हातचा सायलेन्सर

मृत्युंजय गाडीखाली उताणा पडून होता, तोंडावर गंज झडत होता. सायलेन्सरचा पाइप पुढच्या जोडाजवळ पुन्हा फुटला होता. त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाइपाभोवती गुंडाळला, वरून तार आवळली आणि तारेवर भेगा बुजवायची राखाडी लांबी थापली. मागच्या दोन वेळी हेच केलं होतं. आधीचे पत्रे काढले नव्हते. त्यांच्यावरच हा तिसरा थर बसला.

शिरूर अनंतपाळच्या त्या गल्लीत फियाट एकट्या त्याचीच. नांदेडच्या एका वकिलाकडून जुनी घेतलेली. बाजारात त्याचं बी-बियाणांचं दुकान होतं आणि येणारंजाणारं कुणी ना कुणी म्हणायचं, "मृत्युंजयअप्पा, लातूरला रोज जाता, तितंच एखाद्या मेस्तरीकडं टाका की गाडी. नवा पाइप बसवून देतील."

"कशाला? मी करून राहिलो की," एवढंच तो म्हणायचा. वाद घालायचा नाही.

गल्लीतल्या लोकांना तो चिक्कू वाटे. तसं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी तेरणेकाठच्या त्याच्या गावात त्यानं जुन्या घरावर माडी चढवली होती. गवंडी नावाजलेला होता. मृत्युंजय दुकानात बसून राहिला आणि गवंड्यानं मातीत दगड रचून भिंती उभ्या केल्या, वर मणामणाच्या मातीचं माळवद घातलं. दुसऱ्या वर्षी अनंत चतुर्दशीला तो लहानग्या पोरीला, अक्षराला, विसर्जनाची मिरवणूक दाखवायला लातूरला घेऊन गेला आणि रात्री मेव्हण्याकडं राहिला. पहाटे जमीन हलली. तो गावात पोहोचला तेव्हा घर कुठं होतं ते चिंचेच्या झाडावरून ओळखावं लागलं. त्याची बायको बसम्मा माडीखाली होती. आईही तिथंच होती.

सगळे म्हणाले, भूकंप तो, त्याला कोण काय करणार. गवंडीही त्याच रात्री आपल्या घराखाली गेला, त्यामुळं बोल लावायलाही कुणी उरलं नाही. मृत्युंजय रडला नाही. सरकारनं दिलेलं घर त्यानं भावाला दिलं, पोरीला घेऊन शिरूरला आला आणि पत्र्याची दोन खोल्यांची जागा स्वतः उभी केली. तेव्हापासून दुसऱ्याच्या हातचं काम त्यानं घेतलं नाही. नळ, वायरिंग, दाराच्या बिजागऱ्या, सगळं त्याचं तो करायचा. बरं व्हायचं असं नाही. पण झालं तर आपल्या हातून झालं, एवढं त्याला पुरायचं.

अक्षराला दहावीत चांगले मार्क पडले तशी ती लातूरला जाणार हे ठरल्यासारखंच झालं. तिकडं तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. नांदेड, परभणी, पार विदर्भातली पोरंसुद्धा लातुरात खोल्या घेऊन राहत होती. गल्लीगल्लीत मेस आणि हॉस्टेलच्या पाट्या. अक्षराच्या मैत्रिणीही हॉस्टेलला गेल्या. तिनं एकदाच विचारलं, "अप्पा, मी पण राहू का तिथं?"

"मी नेऊन सोडतो की रोज."

"रोज? एवढ्या लांब?"

"हाव."

का, ते त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या कुणी बांधलेल्या छताखाली पोरगी झोपणार, हे त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. मग रोज उजाडायच्या आधी फियाट गडगडत गल्लीतून बाहेर पडे. अक्षरा मागच्या सीटवर शाल पांघरून आडवी व्हायची. थंडी पडली तशा काचा वर गेल्या.

दिवाळीनंतर तिचं डोकं दुखायला लागलं. क्लासमध्ये झोप येते म्हणाली. चाचणीत मार्क घसरले, तेव्हा केमिस्ट्रीच्या सौदामिनी मॅडमनी मृत्युंजयला बोलावून घेतलं. "पोरगी हुशार आहे हो, पण पहिले दोन तास पेंगत असते. दुपारी चांगली असते. घरी झोप होते ना तिची?"

"होते," तो म्हणाला. त्यानं तिच्यासाठी बदाम आणले, टॉनिक आणलं. रात्री दिवा लवकर घालवायला लावला. डोकं त्याचंही जड असायचं, हातापायांत मुंग्या असायच्या, समोरचा रस्ता काचेपलीकडं कुठंतरी लांब असल्यासारखा वाटायचा. पण त्याला सगळंच तसं वाटायचं, किती वर्षं.

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी धुकं होतं. काचा पूर्ण बंद. लातुरात क्लासच्या गल्लीत गाडी थांबली तेव्हा बाजूनं सायकली आणि पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं चालली होती. मृत्युंजय म्हणाला, "अक्षरा, ऊठ. आलं बग."

ती उठली नाही.

त्यानं मागं वळून तिचा खांदा हलवला. मान एका बाजूला पडली. तो दार उघडून उतरायला गेला तर तोल जाऊन रस्त्यावरच बसला. कुणाचं तरी लक्ष गेलं. दोन मुलींनी मागचं दार उघडलं, "ई, किती धुराचा वास आहे आत," असं म्हणत अक्षराला बाहेर ओढलं आणि एका हॉस्टेलच्या ओट्यावर आडवं केलं. मोकळ्या हवेत आल्यावर थोड्या वेळानं ती कण्हली आणि ओकली. तिला ओकताना बघून मृत्युंजयच्या मनात एवढंच आलं, की जित्या माणसालाच ओकारी होते.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. त्यालाही लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेगडी पेटवून झोपलात का रात्री? दारं लावून?"

"न्हाई."

"मग गाडीतूनच. धूर आत येत असणार. सायलेन्सर फुटलाय का?"

"फुटला हुता. मी नीट केलाय."

"तुम्ही म्हणजे? मेकॅनिक आहात का?"

"न्हाई."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला काही जाणवलं नाही का हो? डोकं दुखणं, बधिर वाटणं?"

मृत्युंजय नळी लावलेल्या नाकानं श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, माझं ते तसंच असतंय."

दुपारपर्यंत अक्षरा उठून बसली. चेहरा पांढरा पडला होता, पण बोलणं नीट होतं. त्यानं केळ सोलून दिलं. ते तिनं हातातच धरून ठेवलं.

"अप्पा, मी इथंच राहते. हॉस्टेलला."

त्यानं केळाची साल खाटेखालच्या डब्यात टाकली.

"मघा ज्या ओट्यावर निजवलं ना मला, तेच. मैत्रीण राहते तिथं."

"छत?"

"स्लॅब आहे. मी बघितलंय."

"कुणी बांधलाय?"

"मला काय माहीत! कुणीतरी बांधलाच असेल की." तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "अप्पा, तुम्ही स्वतः नीट केलेल्या गाडीत मी मरत होते."

हे तिनं रागानं म्हटलं नाही. त्याला वाटलं, आता आपल्याला काहीतरी व्हायला पाहिजे, छातीत काही फुटायला पाहिजे. काही झालं नाही. तो म्हणाला, "केळ खा."

दुसऱ्या दिवशी तिची वळकटी आणि पुस्तकं हॉस्टेलवर पोहोचवून त्यानं चारी काचा खाली करून गाडी गॅरेजवर नेली. शिवप्पा नावाचा मेस्तरी होता, पान खाणारा, बडबड्या. त्यानं खाली वाकून बघितलं आणि हसला. "मालक, ह्यो सायलेन्सर हाय का तुमच्या पत्र्याचं गोदाम?" पाइपाला भोक, त्याच्या बरोबर वर गाडीचा तळ कुजून त्यालाही भोक, मधे तीन थर पत्रा. शिवप्पा एकेक थर ओढून टाकत गेला. मृत्युंजय बाजूला उभा राहिला. शिवप्पा पाना लावताना हात वाकडा धरत होता, एक बोल्ट तर त्यानं तिरपाच चढवला. मृत्युंजयचे हात खिशात वळवळले. ते त्यानं तिथंच ठेवले.

नवा पाइप बसला, तळाला ठिगळ लागलं, गाडी चालू केली तर जोडातून फुसफुस ऐकू आली. "पॅकिंग नीट बसलं न्हाई वाटतं," शिवप्पा म्हणाला आणि जराही न शरमता सगळं पुन्हा खोललं. तो तिरपा बोल्टही निघाला. दुसऱ्या खेपेला आवाज बंद झाला. शिवप्पानं जोडाभोवती हात फिरवून दाखवला. "बगा, कुठंच न्हाई." मृत्युंजयनं खाली वाकून आपलाही हात धरला. काही लागलं नाही. तरी घरी जाताना त्यानं काचा उघड्याच ठेवल्या. गार वारं कानात शिरत राहिलं.

पहाटे तो नेहमीसारखा उठला, अंघोळ केली, लिंगपूजा उरकली, गाडीत जाऊन बसला आणि इंजिन चालू केलं. मग मागच्या सीटकडं बघितलं. तसाच बसून राहिला. इंजिन हळू आवाजात चालत होतं.

बरंच उजाडल्यावर शेजारच्या सरजाबाई लुगड्याचा पदर डोक्यावर घेत बाहेर आल्या. "अगंबाई, हितंच हाव का तुम्ही? मी तुमच्या गाडीच्या आवाजावर उठती रोज. आज आवाजच न्हाई, तर मला जागच आली न्हाई. म्हशी वरडून राहिल्या तिकडं." त्यांनी आत डोकावलं. "पोरगी कुटं हाय?"

"लातूरला राहिली."

"एकली?"

"मैत्रिणी हायत्या."

सरजाबाईंनी पदर कमरेला खोचला. "च्या टाकू का?"

त्याला चहा हवा होता की नको, हे त्याला कळत नव्हतं. त्यानं गाडी बंद केली आणि उतरला. "टाका," तो म्हणाला.