चाळीस टाचण्या

आमच्या शिलाईच्या दुकानात टाचण्या चाळीस. रोज संध्याकाळी शटर ओढलं की मी उशीतल्या टाचण्या मोजते, दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून फिरवते आणि मग मास्तरांचे पाय बघते. मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, म्हणून मीही म्हणते. तोंडावर मात्र नुसतं ‘अहो’.

त्यांना डायबेटिस होऊन सोळा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी नव्या बुटानं डाव्या पायाच्या करंगळीला फोड आला. दुखला नाही, म्हणून या माणसानं सांगितला नाही. अहो, तळव्यांना काही कळायचंच बंद झालेलं, दुखणार कुठून? करंगळी काढावी लागली. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं, “आता उजव्याला जखम झाली आणि उशिरा कळलं, तर एका बोटावर भागेल असं मी सांगत नाही.” त्या दोन पायांनी बत्तीस वर्षं पायडल मारलंय. आमचं घर त्यावर उभं आहे.

तेव्हापासून मी कानाला खडा लावला. स्टुलावर पाय, दिवा जवळ, माझ्या नाकावर चष्मा. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, सगळं बघायचं. मोजे पांढरेच, म्हणजे डाग पडला तर लगेच दिसतो. एका गोष्टीत मात्र मी हरले. बाकी दिवसभर बूट घालतात, पण मशीनवर बसले की ते काढून ठेवतात. म्हणे बुटातून पायडल कळत नाही. मोज्यातून तरी काय कळतं देव जाणे!

“कापडातसुद्धा इतके दोष काढत नाहीस,” ते कुरकुरतात.

“कापड दुसरं आणता येतं,” मी म्हणते.

तर त्या सोमवारी एक बाई कोट घालून बघायला आल्या. आरशासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कॉलर वाकडी वाटते. मास्तर हसत म्हणाले, “ती आमच्या हिनं लावलीय. शिकतेय अजून.”

शिकतेय! सत्तावीस वर्षं कॉलरी लावतेय मी. आणि ती कॉलर सरळ होती. बाईंचाच एक खांदा उतरलेला होता, पण ते गिऱ्हाइकाला कोण सांगणार? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोटाच्या टाचण्या खसाखसा उपटल्या, उशीत खोचल्या आणि तोंडाला कुलूप घातलं.

संध्याकाळी त्यांनी आपला पाय स्टुलावर ठेवला. “बघतेस ना?”

“मी शिकतेय अजून,” मी म्हणाले. “तुमचं तुम्ही बघा.”

टाचण्या मोजल्या नाहीत, चुंबक खुंटीवरून काढलं नाही, पांढरे मोजे धुतले नाहीत. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला मस्त झोप लागली.

मंगळवारी ते काळे मोजे घालून मशीनवर बसले. थोड्या वेळानं मशीनच्या आवाजात काहीतरी वेगळं ऐकू आलं. खडखड चालू, आणि मध्येच टिक. पुन्हा खडखड, पुन्हा टिक. मी काज करत बसले होते. विचारावंसं वाटलं, पण विचारलं असतं तर अबोला मी मोडला असं झालं असतं. मूग गिळून बसले.

“तेल मागतंय वाटतं,” मास्तर स्वतःशीच म्हणाले. तेल घातलं. टिक काही जाईना. दुपारी आणखी एकदा घातलं.

संध्याकाळपर्यंत माझा राग जरा उतरला. शटर ओढून उशी पुढ्यात घेतली आणि टाचण्या मोजल्या. एकोणचाळीस. परत मोजल्या. एकोणचाळीसच. चुंबक फिरवलं, तर दोन हुक आणि एक गंजकी सुई निघाली. टाचणी नाही.

“असेल कुणाच्या तरी पिशवीत,” मास्तर म्हणाले आणि राहिलेली बाही पुरी करायला परत मशीनवर बसले. खडखड. टिक. खडखड. टिक.

हातातलं चुंबक टाकून मी धावले.

“अहो, थांबा! पाय उचला. उजवा, उजवा!”

मोजा खाली ओला होता. काळ्यावर काही दिसत नव्हतं, हाताला लागलं. अंगठ्याच्या खाली, तळव्यात, टाचणीचं डोकं. सकाळपासून ते लोखंडी पायडलवर वाजत होतं आणि हा माणूस मशीनला तेल पाजत होता.

“काढतेय हं,” मी म्हणाले. चिमटीत धरली आणि ओढली.

मास्तर छताकडे बघत दात आवळून बसले होते. जरा वेळानं म्हणाले, “काढ ना. किती वेळ?”

टाचणी माझ्या मुठीत होती. मी तिथेच खाली बसून ढसाढसा रडले.

पाय धुतला, स्वच्छ फडकं बांधलं आणि रिक्षा करून दवाखाना गाठला. तिथल्या ड्रेसिंगच्या सिस्टर आम्हाला करंगळीपासून ओळखतात. “केव्हाची?” त्यांनी विचारलं. आजची, सकाळची, असं सांगितलं.

“आजच आलात म्हणून बरं,” त्या म्हणाल्या. “रोज बघता ना पाय?”

“रोज बघते ही,” मास्तर माझ्याआधी बोलले. “एक दिवस मीच बघू दिला नाही.”

माझ्या रागापायी त्यांचा पाय गेला असता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

जखम भरायला चार आठवडे लागले. तेवढे दिवस मशीनवर मी आणि मास्तर खुर्चीत, पाय स्टुलावर, हुकूम सोडत. आता ते बूट घालूनच पायडल मारतात.

गेल्या महिन्यात पुन्हा आमचं वाजलं. या वेळी बटणांवरून. दिवसभर एक शब्द नाही. संध्याकाळी मी शटर ओढलं, टाचण्या मोजल्या, चुंबक फिरवलं. मास्तरांनी भिंतीकडे तोंड करून पाय स्टुलावर ठेवला. मीही तोंड फुगवूनच चष्मा लावला आणि दिवा जवळ घेतला.

“किती भरल्या?” त्यांनी भिंतीलाच विचारलं.

“चाळीस.”

“आणि पाय?”

“आहे,” मी म्हणाले. “दुसरा ठेवा.”