जिवंत माणसांना नेणारी शववाहिका

मी एक जुनी शववाहिका आहे. मित्रांनो, ऐकून दचकू नका. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, आमच्या गावात होसिया टिब्स हे काळ्या लोकांच्या वस्तीतले अंत्यविधी करत. त्यांनी मला आणलं तेव्हा मी इतकी चकाकत असे की पोरं माझ्यात बघून भांग पाडायची.

त्या काळी बसमधल्या पुढच्या जागा गोऱ्यांच्या. त्या रिकाम्या असल्या तरी आमच्या माणसांनी मागे उभं राहायचं. शेवटी चर्चमध्ये सभा भरली आणि ठरलं, आता बसमध्ये पाऊल ठेवायचं नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने इतरांना कामावर सोडायचं. टिब्सनी माझ्यात मागे दोन बाकं ठोकली.

पहिल्या सकाळी कुणी चढेना. तेव्हा अर्झुला पेटवे पुढे आल्या. त्या गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करत. गुडघे पार गेलेले.

"मेल्यावर यातच जायचंय," त्या म्हणाल्या. "आधी सवय करून घेते."

"बसूनच या हं मावशी," टिब्स म्हणाले. "झोपलात तर भाडं लावीन."

सगळे हसले आणि मी भरून गेले. तोवर मी फक्त रडणं ऐकलं होतं. आता माझ्यात गाणी आणि मालकिणींच्या नकला रंगू लागल्या.

जानेवारीत, गोठवणाऱ्या पावसात पोलिसांनी मला अडवलं.

"शववाहिका ना ही? मग यातलं प्रेत कोणतं?"

त्यांनी सगळ्यांना उतरवलं आणि टिब्सना चौकीत नेलं. तेवढ्यात एक रिकामी बस येऊन थांबली. "चढ म्हातारे, भिजून मरशील," चालक म्हणाला. मावशींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधून त्या चालू लागल्या. वळणाआड जाईपर्यंत मी त्यांना पाहत राहिले.

त्यांना न्यूमोनिया झाला. त्या गेल्या तेव्हा टिब्सनी बाकं काढली. एक खिळा निघेना, तेव्हा ते तिथेच बसून रडले. मावशींना मीच नेलं. त्या दिवसाइतकी जड मी कधीच झाले नाही.

पुढच्या हिवाळ्यात बसमधल्या या भेदाविरुद्धच्या खटल्याचा निकाल आमच्या बाजूने लागला; आता कुणीही कुठेही बसू शकत होतं. त्या सकाळी मावशींची लेक डेल्फीन पहिल्या बसमध्ये चढली. बस माझ्याशेजारून गेली. ती सगळ्यांत पुढे, खिडकीशी बसली होती. शेजारची जागा तिने हाताने धरून ठेवली होती.

आता मी टिब्सांच्या परसात गंजत पडले आहे. त्याचं दुःख नाही. मित्रांनो, बसमध्ये तुमच्याजवळ कुणी थकलेलं माणूस उभं असेल, तर त्याचा रंग, कपडे पाहू नका. सरकून बसा.