मनोहरकाकांची थाप

रिमोटचे सेल मनोहरकाकांनी तुरीच्या डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पुरले आणि साळसूदपणे हॉलमध्ये येऊन बसले.

"आजोबा, डोन्ट वरी," नात अनया म्हणाली. "मी फोनवरून लावते."

काकांनी बाहीला चिकटलेली डाळ हळूच झटकली.

त्याचं असं झालं होतं. बासष्ट साली लंडनला शिकताना काका एका गुन्हेपटाच्या शूटिंगवर होते. जाझ क्लब, धूर, आणि ड्रमरच्या डोळ्यांदेखत पडलेला मुडदा. "तो ड्रमर मीच," असं त्यांनी मुलगी बघायला गेल्यावर सांगून टाकलं, आणि रत्नाकाकूंनी सांगून आलेला डॉक्टर सोडून हा ड्रमर पत्करला. काकांनी उभ्या जन्मात एकच थाप मारली, आणि ती ड्रमवर नव्हती. पुढे अमेरिकेत, पिस्कॅटवेत, पस्तीस वर्षं त्यांनी पंपांची ड्रॉइंगं काढली. काकूंच्या लेखी ते ड्रमरच राहिले.

आता नातीने तो सिनेमा ऑनलाइन हुडकला होता. शनिवारची दुपार, बटाटेवडे आणि सहा शेजारी. काकूंना दोन वर्षांपासून नुसत्या करड्या सावल्या दिसत, त्यांना काही कळलं नसतं. पण सांगणारी तोंडं होती ना. त्यांत एक थट्टेखोर श्रीरंगचं.

"काका, ऑटोग्राफ आत्ताच द्या यार. नंतर लाइन लागेल."

"वडा खा तू," काका म्हणाले.

क्लब आला. ड्रम घुमू लागले. ड्रमर होता गोरापान, टकला, पन्नाशीचा.

कुणी वडा चावेना. श्रीरंगने तोंड उघडलं.

"हेच वाजवतायत ना?" काकू कान देऊन म्हणाल्या. "डॉक्टर काय वाजवणार होता असं?"

श्रीरंगने काकूंकडे पाहिलं, मग काकांकडे. काका सतरंजीचे दोरे मोजत होते.

"हो काकू," तो म्हणाला. "काकाच. केस बघा कसले होते."

काकांचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच पडद्यावर ग्लासांचा ट्रे घेऊन एक वेटर आला. सावळा, काडीसारखा, जेमतेम एकवीस वर्षांचा. सक्त ताकीद असूनही त्याने सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. हा चेहरा काका साठ वर्षांनी बघत होते.

"आजोबा," अनया हळूच म्हणाली, "दॅट वेटर..."

काकांनी नुसती मान हलवली. नाही.

वेटर ट्रे सांभाळत धुरात शिरला. काकूंनी काकांच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला होता.