फाटक्या पोत्यांची मालकीण

"पोत्यांचा धंदा?" भावजी एवढे हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. "अगं, लोक पोत्यातला माल विकतात. तू पोतंच विकणार? तेही फाटकं?"

थोरल्या जाऊबाई ओसरीत बसून दाभणात सुतळी ओवत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "माल असता तर माल विकला असता. तुमच्या कर्तबगारीनं घरात फाटकंच आलंय. मग फाटकंच विकते."

आमची दोन्ही घरं एकाच छपराखाली, मधली भिंत छातीएवढी. त्यामुळे त्यांचं भांडण मला घरबसल्या ऐकायला मिळायचं, आणि खोटं कशाला बोलू, मी केरसुणी जरा हळूच फिरवायची.

भावजींची ओळख सांगते. खायला काळ अन् भुईला भार. न्हाव्याच्या दुकानातल्या बाकावर सकाळ-संध्याकाळ बैठक. तिथं बसून नांगर कसा धरावा, बैल कसा पारखावा, कुणी विहीर कुठं खणावी, सगळं सांगायचे. स्वतः कधी गवताची काडी मोडली नाही. घर चालायचं जाऊबाईंच्या कमरेवर. त्या वखारीत झाडलोट करायच्या, सांडलेलं धान्य पाखडायच्या, संध्याकाळी भुवयांपर्यंत धूळ घेऊन परतायच्या.

वखारीच्या मागच्या कोपऱ्यात फाटक्या पोत्यांचा ढीग वर्षानुवर्षं कुजत पडला होता. उंदरांनी त्यात संसार थाटले होते. जाऊबाईंनी एक दिवस विचारलं, "मालक, ही पोती नेऊ का?"

वखारवाला पोट सावरत हसला. चार हमालांसमोर म्हणाला, "ने की! तुझ्या घरी गादी-गिरदी तेवढीच. जागा मोकळी होईल माझी."

हमालही हसले. हमालांना हसायची मजुरी वेगळी मिळत नाही, तरी हसतात.

जाऊबाईंनी ती पोती भारे बांधून आणली. कालव्यावर धुतली, कुंपणावर वाळवली. अगदीच कामातून गेलेलं पोतं उसवायचं अन् त्याची ठिगळं बाकीच्यांना लावायची. टाका असा घट्ट घालायच्या की पोतं दुसरीकडं फाटेल, तिथं नाही. बोटांना भेगा पडल्या. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "सून आणली होती, उंदीर येतील असं कुठं वाटलं होतं!"

"उंदीर निदान स्वतःचं स्वतः शोधून खातो, सासूबाई," जाऊबाई म्हणायच्या अन् भावजींकडं बघायच्या. भावजींना तेवढ्यात न्हाव्याकडं काम निघायचं.

आता यातली खरी गोम सांगते. आमच्याकडं सुगीत धान्य खळ्यावर तयार असायचं, पण भरायला पोती नसायची. पोती एकट्या वखारवाल्याकडं. तो म्हणायचा, "पोतं पाहिजे? देतो. धान्य मलाच घालायचं, मी म्हणेन त्या भावानं." उघड्यावर रास टाकून माणूस किती दिवस राखण करणार? नाक दाबलं की तोंड उघडायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं, अन् वर त्याच्याच दाराशी वाकून रामराम.

पहिला आला तो टेकाडावरचा म्हातारा. पोतं दोन्ही हातांनी ताणून बघितलं. "टिकेल का गं?"

"तुमच्या मागं राहील," जाऊबाई म्हणाल्या.

म्हातारा खो-खो हसला अन् गाडीभर पोती घेऊन गेला. धान्य घरात रचलं, अन् भाव चढल्यावर बाहेरच्या बाजारात नेऊन विकलं. मग दुसरा आला, तिसरा आला. जे कालपर्यंत जाऊबाईंना 'चिंधीवाली' म्हणायचे, ते दारात चपला काढून उभे राहू लागले. गाव असंच असतं. पडत्यावर पाय, चढत्याला खांदा.

वखारवाल्याच्या ध्यानात यायला वेळ लागला, पण आलं. त्यानं जाऊबाईंना नाही बोलावलं. भावजींना बोलावलं. खुर्ची दिली, पंखा लावला, चहा पाजला. भावजी घरी आले ते छाती फुगवून.

"ठरवून आलो. उद्यापासून तू वखारीतच बसून पोती शिवायची, फक्त त्यांच्यासाठी. रोजची मजुरी मिळेल. गावात विकणं बंद."

"कुणी ठरवलं?"

"मी! घरातला पुरुष कोण?"

जाऊबाईंनी दाभण खाली ठेवलं. "खुर्ची दिली होती का बसायला?"

"दिली म्हणजे काय! हातांची खुर्ची."

"मग तीच उचलून आणायची होती. मला विकलंत त्याचं काही तरी घरात आलं असतं."

दुसऱ्या दिवशी त्या वखारीत गेल्या, केरसुणी उंबऱ्यावर ठेवली अन् माघारी वळल्या. वखारवाला मागून ओरडला, "पोती माझी होती! चोरलेल्या मालावर उड्या मारतेस!"

"चार माणसांसमोर कचरा म्हणून दिलीत," त्या वळून म्हणाल्या. "विचारा त्यांना." हमालांनी माना खाली घातल्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

पुढचे दिवस कठीण गेले. मजुरी बंद, पोत्यांचा ढीग बंद. जाऊबाई गावोगाव फिरून फाटकी पोती गोळा करू लागल्या. मीही दाभण धरलं. भावजी न्हाव्याच्या बाकावरून सगळ्यांना सांगायचे, "बाईमाणसाचा धंदा, आठवडाभर टिकतोय का बघा."

अन् ऐन सुगीत आभाळ भरून आलं. वारा धुळीचे लोट उठवत होता. आमच्या ओसरीपुढं गाड्यांची रांग लागली. त्या रांगेत घामाघूम वखारवाला येऊन उभा राहिला. त्याची सगळी पोती भरून बाहेरगावी गेलेली, अन् नवी खरेदी वखारीच्या अंगणात उघडी पडलेली.

"बाई, असतील तेवढी दे. वाटेल तो भाव सांग."

"भाव सगळ्यांना एकच. अन् रांगही एकच," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा हात थांबला नव्हता.

"अगं, पाऊस येतोय!"

"येऊ दे. पाऊस काही माझ्या हाताखाली कामाला नाही."

त्याच्या पुढं टेकाडावरचा म्हातारा होता. तो मुद्दामच एकेक पोतं ताणून बघत बसला. वखारवाला उभाच. बसायला कुणी खुर्ची दिली नाही. शेवटी त्याचा नंबर आला, तेव्हा थेंब पडायला लागले होते. त्याचे हमाल वखारीत रास झाकायला गुंतलेले. त्यानं स्वतःच भारा डोक्यावर घेतला अन् पोट सावरत पळत सुटला. ती चाल मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तो गेल्यावर भावजी घरातून बाहेर आले. "मोठा माणूस आहे तो. जरा गोडीनं बोलायचं होतंस."

जाऊबाईंनी सुतळी दातानं तोडली. "गोडी तुम्हीच ठेवा. ती बाहेरची पोती भिजतायत, आत घ्या."

भावजींनी इकडं-तिकडं पाहिलं. गाडीवाले बघत होते, मी बघत होते, सासूबाईही दारात येऊन उभ्या होत्या. भावजी ओसरीची पायरी उतरले, वाकले अन् पहिला भारा उचलून आत आणला.

"तिथं नाही," जाऊबाई म्हणाल्या. "भिंतीपासून हातभर लांब. ओल धरते."

भावजींनी भारा पुन्हा उचलला.