जवायाच्या फळ्या

पाचव्या दिवशीही भिवाजीच्या अंगणात आम्ही चौघे खिळ्यांचे डबे पुढ्यात घेऊन नुसते बसून होतो. मोहगावात संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकणारं हे एकच अंगण उरलं आहे. बागांमधली तोड ऐन भरात आणि आमच्याकडे फळी नाही. फळ्या यायच्या लोधीखेड्याहून, भिवाजीच्या जावयाच्या, गौतमच्या आरा मशीनवरून. तिथलं पातं तुटलं होतं.

"सौंसरच्या मशीनवरून आना ना भाऊ," मी म्हणालो. "आठ दिवसापुरत्या."

"जवायाची मशीन असतानी दुसऱ्याच्या दारात जाऊ? प्रणालीले सासरी काय आयकाव लागन?"

लेकीचं नाव निघालं की आमची तोंडं बंद. मला राग आला होता, पाय शेवटी आमच्याच पोटावर येणार होता. पण बसून बसून तो रागही बसून गेला.

दुपारी पांढुर्ण्याचे व्यापारी विजयभाऊ आले. हंगामाचं सगळं काम त्यांचंच. ते मोटारसायकलवरून उतरलेसुद्धा नाहीत.

"भिवाजी, माल झाडावरून गळून राहिला. पेट्या कवा देता?"

"पातं आलं का देतो."

"मंग मी प्लास्टिकचे कॅरेट घेतो. एकदा घेतले का मंग पेट्यायचं काम नाई, आताच सांगून ठेवतो."

भिवाजी "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी निळे कॅरेट भरलेली विजयभाऊंची गाडी आमच्यासमोरून बागांकडे गेली. आम्ही बघत बसलो.

नवव्या दिवशी फळ्या आल्या. गाडीत प्रणालीही होती, माहेरी यायला मिळालं म्हणून खुशीत. पाणी पिता पिता सांगायला लागली.

"लय धावपळ झाली बाबा. पातं तुटलं त्याच दिवशी ह्याईनं सावनेरहून फळ्या आनल्या. एका बी गिऱ्हाइकाचं काम अडू देल्लं नाई."

भिवाजीने विचारलं, "मंग आमाले काहून नाई धाडल्या?"

"मी म्हनलं होतं. तं हे म्हने, बाबा घरचेच हायेत. ते कुटं जाते दुसऱ्याकडं?"

वाईट वाटायला हवं होतं, पण मला तेही वाटेना. भिवाजीने जावयाची खुशाली विचारली आणि आम्हाला गाडी खाली करायला सांगितली.

"भाऊ, पेट्या ठोकाच्या कोनासाठी?" मी हळूच विचारलं.

"ठोका," तो म्हणाला. "जवायाचा माल वापस कसा धाडावा?"