वाढले ते वजन, मोहरी नव्हे

मी तान्ह्या बाळांचा एक जुना वजनकाटा आहे. वर पांढरे ताट, खाली गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारा बारीक लाल काटा, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला. एका चष्मेवाल्या कारागिराने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, ताटात पितळी वजने ठेवून पाहिली आणि काटा नेमका रेघेवर थांबलेला पाहून तो म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही."

शेजारचा कारागीर म्हणाला, "मग याचं लग्न जमायचं कठीण आहे."

दोघे पोट धरून हसले आणि मला खोक्यात घातले. खोके उघडले ते लहान मुलांच्या दवाखान्यात.

तिथे मी माणसे पाहिली. वजन बाळाचे होत असे, पण घाम मोठ्यांना फुटत असे. वडील मंडळी बाळाला ताटात ठेवून स्वतःचा श्वास रोखून धरत, जणू तेवढ्याने पारडे जड होणार. एक आजी दर खेपेला ताटाची कड अंगठ्याने हळूच दाबायची.

"आजी, हात काढा," सिस्टर म्हणायची.

"अगं, नुसतं धरलंय. पडेल ना पोर!"

"पोर नाही पडत. तुमचा अंगठा काढला की वजन पडतं."

ही सिस्टर म्हणजे आमच्या दवाखान्याची नर्स. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. डॉक्टरबाई आतल्या खोलीत अर्ध्या दारामागे बसत. त्यांचे गुडघे दुखरे आणि बाकावर आयांची ही गर्दी, म्हणून बाईंनी एक पद्धत घालून दिली होती. सिस्टरने बाळाला माझ्या ताटात ठेवायचे, आकडा मोठ्याने सांगायचा आणि त्यापुढे एकच इंग्रजी शब्द जोडायचा. त्या शब्दावरून बाई ठरवत, उठायचे की नाही.

शब्द ठरलेले होते आणि त्यांच्या बाबतीत बाई सोनाराहून चोख. नुसता आकडा पुढे सरकला, कशामुळे ते ठाऊक नाही, की म्हणायचे 'इन्क्रीज'. मग बाई उठून स्वतः बाळाला बघत. बाळ पोटभर पिते आहे, दूध अंगी लागते आहे अशी खात्री करून घेतली, तर 'गेन', म्हणजे कमावलेले वजन. मग बाई आतूनच दोन प्रश्न विचारत. वजनासोबत लांबी आणि डोक्याचा घेर हेही वाढले असतील, तर आणि तरच 'ग्रोथ'. ते फीत लावून मोजल्याशिवाय तो शब्द उच्चारायचा नाही. तो ऐकला की बाई जागच्या हलत नसत, आतून "घरी जा" एवढेच म्हणत. आणि चौथा शब्द 'स्वेलिंग', अंगावरची सूज. तो कानावर पडला की बाई चपला न घालता धावत येत.

नव्या आयांना सिस्टर समजावून सांगे, "आपण सगळ्यालाच वाढ म्हणतो. केस वाढतात, कटकट वाढते, पाहुण्यांचा मुक्काम वाढतो. बाईंसमोर असं म्हणून बघा, कान धरतील."

इंग्रजीचा गंध नसलेल्या बायकाही 'ग्रोथ' मात्र ओळखायच्या. तो शब्द बाहेर बाकापर्यंत ऐकू जाई आणि आई अशी मान ताठ करून बाहेर पडे की जणू पहिला नंबर तिचाच आला. उरलेल्या जणी तिच्या पाठीकडे बघत राहत. एका शब्दासाठी माणूस इतका भुकेला असू शकतो, हे मला कारखान्यात कुणी शिकवले नव्हते.

मोहरी आली ती अशाच दिवसांत. जन्मतः इतकीशी होती की तिच्या आत्याने तिला मोहरी म्हटले आणि तेच चिकटले. तिची आई शाळेत इंग्रजी शिकवायची. मोहरीच्या हृदयाला भोक होते. दूध पिता पिता तिला दम लागे, कपाळावर घाम येई आणि अर्धे दूध तसेच राही. माझा काटा आठवड्यामागून आठवडे एकाच रेघेशी घुटमळत होता.

डॉक्टरबाईंनी आईला समोर बसवून सांगितले, "अंगावर थोडं मांस चढलं, तर ऑपरेशन ती झेलेल. पुढच्या खेपेलाही वजन हललं नाही, तर थांबता येणार नाही. आहे तशीच टेबलावर घ्यावी लागेल. त्यात धोका आहे, खोटं सांगणार नाही."

त्या दिवशी निघताना आई माझ्यावर वाकली. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी ती बाई माझ्या तबकडीशी तोंड नेऊन म्हणाली, "चढ रे बाबा. एवढं एकदा ऐक माझं."

मित्रांनो, मला कान आहेत, पण दया करायची सोय माझ्या स्प्रिंगमध्ये नाही.

पुढच्या खेपेला मोहरीला ताटात ठेवले आणि काटा चढला. चांगला चढला. आत्याने टाळीच वाजवली.

"बघ वहिनी! गाल कसे भरलेत! म्हटलं नव्हतं, माझ्यावर गेलीय म्हणून?"

"तुमच्यावर गेली असती, तर माझा काटा तुटला असता," सिस्टर म्हणाली आणि तिघी हसल्या. त्यांना अशा हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी मात्र हादरलो होतो. वाढलेले बाळ ताटात स्वस्थ पडत नाही. ते पाय झाडते, आळोखेपिळोखे देते, काटा असा नाचवते की सिस्टर वैतागून म्हणते, "अरे, थांब की जरा!" मोहरीखाली माझा काटा खिळ्यासारखा स्थिर होता. ती ताटात ओल्या दुपट्यासारखी पडली होती. पापण्या फुगलेल्या, डोळे मिटलेले. ते दुधाचे वजन नव्हते. थकलेल्या हृदयाला पाणी बाहेर टाकता येत नव्हते आणि ते अंगात साचत चालले होते. वजन पाण्याचे होते.

मला ओरडावेसे वाटले. पण माझी भाषा रेघांची. रेघ म्हणत होती, जास्त. कशाचे जास्त, ते रेघेला सांगता येत नाही.

सिस्टरने फीत उचलली आणि मोहरीचे पाय सरळ करायला हात घातला. आईने तो हात धरला.

"नका ना पाय ओढू. रडली की निळी पडते. मागच्या खेपेला पाहिलंत ना तुम्ही?"

"ताई, फीत लावल्याशिवाय मला शब्द म्हणता येत नाही. मी आपली 'इन्क्रीज' म्हणते. बाई येऊन बघतील."

"बाई आल्या की पुन्हा तेच ऑपरेशन काढतील. आकडा दिसतोय ना तुम्हाला? म्हणा ना 'ग्रोथ'. मला एकदा ऐकायचाय हो तो शब्द."

इन्क्रीजच्या जागी ग्रो लिहिणाऱ्या पोरांचा अर्धा मार्क कापणारी ही आई! तिला त्या दोन शब्दांतले अंतर ठाऊक नव्हते का? पुरते ठाऊक होते. म्हणून तर तिला दुसराच हवा होता.

सिस्टरने तिच्या तोंडाकडे पाहिले. फीत खाली ठेवली. आकडा सांगितला आणि मोठ्याने म्हणाली, "ग्रोथ!"

"शाब्बास!" आतून आवाज आला. "घरी जा. दूध तसंच चालू ठेवा."

आतली खुर्ची करकरली नाही. ती करकरावी म्हणून मी किती तळमळलो, ते माझे मला ठाऊक. दार लोटले गेले. मोहरीला छातीशी धरून आई ताठ मानेने निघून गेली आणि रिकाम्या ताटाखाली माझा काटा शून्यावर येऊन पडला.

दोनच दिवस गेले असतील. आई दवाखान्यात शिरली ती धावतच. एका हाताला खडू लागलेला, मागे मोहरीला घेऊन आत्या. रांगेतली कुणी बोलायच्या आत ती माझ्यापाशी पोचली होती.

"सिस्टर, आधी हिला बघा! मी वर्गात हेच शिकवत होते. म्हटलं, कणीक राइज होते, शहर एक्स्पांड होतं, आणि पाय मुरगळला की घोटा स्वेल होतो. म्हटलं, घोटा मोठा दिसला म्हणून कुणी म्हणतं का, पाय वाढला? पोरं हसली. आणि मला हिच्या पापण्या दिसल्या." तिचा श्वास पुरेना. "सकाळपासून लंगोट कोरडा आहे हो. कोरडा ठणठणीत."

मोहरी माझ्या ताटात आली. काटा आणखी चढला. सिस्टरने तिच्या नडगीवर बोट दाबले, उचलले. खळगा तसाच राहिला.

"स्वेलिंग!" सिस्टर किंचाळली.

खुर्ची पडल्याचा आवाज झाला. बाई अनवाणी आल्या. त्यांनी बरगड्यांखाली बोटांनी चाचपले, छातीला नळी लावली आणि मान वर न करता विचारले, "परवा 'ग्रोथ' कुणी म्हटलं?"

"मी," सिस्टर म्हणाली.

"मी म्हणायला लावलं," आई म्हणाली.

"गाल भरलेत म्हणणारी मीच," आत्या रडत म्हणाली.

"वाटणी नंतर करा. इंजेक्शन आणा आधी. अंगातलं पाणी उतरलं, तरच ही मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचेल. मी गाडी बोलावते."

इंजेक्शन दिले. नाकाशी प्राणवायूची नळी धरली. बाई आत फोनवर ओरडत होत्या. इकडे मोहरीला पुन्हा पुन्हा माझ्या ताटात ठेवत होते आणि काटा हलत नव्हता. काही दिवसांपूर्वी 'चढ' म्हणून विनवणारी आई आता माझ्या कडेला कपाळ टेकून म्हणत होती, "उतर रे. चूक झाली माझी. उतर ना."

सिस्टरने तिला बाजूला केले नाही. एवढेच म्हणाली, "ताई, टेकू नका. तुमचंही वजन येतं त्यात." मग दोघी मागे सरल्या आणि एकमेकींचा हात धरून तबकडीकडे बघत राहिल्या. मोहरीची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ओठांचा रंग मला पाहवत नव्हता आणि मला डोळे मिटता येत नाहीत.

किती वेळ गेला, कोण जाणे. माझ्या ताटात काहीतरी कोमट पसरू लागले. लंगोट भिजला, दुपटे भिजले, ओघळ ताटाच्या कडेला आला. सिस्टरने लंगोट बदलला, ताट पुसले, मोहरीला कोरड्या दुपट्यात घेतले आणि पुन्हा ठेवले. काटा थरथरला. एक रेघ खाली आला. मग आणखी अर्धी.

"सिस्टर, काय झालं? शब्द सांगा!" आतून बाईंचा आवाज.

सिस्टरकडे उतरण्यासाठी ठरलेला शब्दच नव्हता. तिने आईकडे पाहिले. आईने तोंड उघडले. वाढीचे, घटीचे, चढाउताराचे पन्नास इंग्रजी शब्द पाठ असलेल्या त्या बाईला एकही सापडेना.

"मुतली!" ती ओरडली. "बाई, मोहरी मुतली!"

बाहेर बाकावरच्या सगळ्या आया उभ्या राहिल्या. कुणीतरी हुंदका दिला. तेवढ्यात गाडी आली आणि मोहरीला घेऊन सगळे गेले.

पुढे काय झाले, ते मला नक्की ठाऊक नाही. मोठ्या दवाखान्याचे काटे वेगळे. माझ्या जागी लवकरच काचेचा नवा काटा आला. त्याचा आकडा थेट आत बाईंच्या टेबलावर उजळतो, शब्द पुकारायची गरजच उरली नाही. सिस्टरची बदली झाली. मला उचलून मागच्या खोलीत ठेवले. भिंतीपलीकडे बाळांचे रडणे ऐकू येते आणि दर वेळी माझा जीव वरखाली होतो. आकडा आत पोचला, पण पापण्या कुणी पाहिल्या का?

मित्रांनो, तुमच्याजवळ एवढेच मागतो. कुणी येऊन म्हणाले, वाढ झाली, तर टाळी वाजवण्याआधी जवळ जा आणि विचारा, काय वाढले? आणि चांगला शब्द ऐकायला आसुसलेले माणूस समोर आले, तर दया म्हणून तो शब्द त्याच्या ओंजळीत टाकू नका. त्याचा हात धरून उभे राहा आणि बाळाला नीट मोजा. रडले, तरी मोजा.