बाराची घंटा

मला धावण्याचा कंटाळा येऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि माझं कामच पोरांना धावायला लावण्याचं. लोणावळ्याच्या मिशन हायस्कुलात मी ड्रिल मास्तर. पलटणीतून सुटून आलो तेव्हा दोन्ही गुडघे कामातून गेले होते. पण गावी, कान्ह्याला, भावाच्या खाचरात चिखल तुडवण्यापेक्षा शिट्टी फुंकणं बरं, म्हणून इथे चिकटलो. पोरं मला महिपती मास्तर म्हणतात. पाठीमागे आणखी काय म्हणतात तेही ठाऊक आहे, पण त्यावर चिडण्याइतका उत्साह आता उरलेला नाही.

शाळा कॅथलिक पाद्र्यांची. बोर्डिंगात राहणारी पोरं बहुतेक गोव्याकडची, नाहीतर रेल्वेतल्या ड्रायव्हर-गार्डांची. आमची मावळातली हिंदू पोरं सकाळी यायची आणि संध्याकाळी घरी जायची. प्रार्थनेची सक्ती त्यांच्यावर नव्हती, पण एक नेम सगळ्यांना होता. दुपारी बाराला चर्चची घंटा व्हायची, मरियामातेच्या प्रार्थनेची. तीन ठोके, जरा थांबून पुन्हा तीन, पुन्हा तीन. पहिला ठोका पडला की जो जिथे असेल त्याने तिथेच उभं राहायचं. ख्रिस्ती पोरं डोळे मिटून पुटपुटायची, बाकीच्यांनी नुसतं गप्प राहायचं. हेडमास्तर फादर लुकास यांना हा नेम जिवापाड प्रिय. माझा ड्रिलचा तास नेमका बाराच्या आधीचा, त्यामुळे तो पाळून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. घंटेनंतर ज्याचं पाऊल पुढे पडेल त्याला छडी, असा फादरांचा हुकूम होता. पोरं पळता पळता थांबायची आणि एकमेकांवर आदळायची. शिदू तेवढा जागच्या जागी उभा राहायचा.

शिदू ठाकराचा पोरगा. कार्ल्याच्या वर डोंगरात त्यांची वाडी. तिथून तो रोज शाळेला यायचा, तोही पळत, कारण उशीर झाला की वर्गाबाहेर उभं करत. अशा पोराला मी काय पळायला शिकवणार? मी त्याला फक्त थांबायला शिकवलं.

इंग्रजी पाचवी झाली आणि त्याचा बाप बारकू मला भेटायला आला. भांडायला नाही, साध्या विचारपुशीला.

"मास्तर, पोरगं घरी येतं आन् भाकर हातात घिऊनच झोपतं," तो म्हणाला. "हितं ऱ्हायाची सोय झाली तर शिकू दे. न्हाईतर घाटात रेल्वेच्या गँगवर मुकादम घ्यायला तयार हाय. मी न्हाई म्हनत न्हाई शाळंला, पर ह्ये असं किती दिस चालायचं?"

मला त्याचं म्हणणं पटलं. मी फादरांकडे गेलो. फादर मनाचे वाईट नव्हते. जर्मनीकडून येऊन मराठी शिकले होते, तीही पोथीतली. ते म्हणाले, "मास्तर, बोर्डिंगात एक खाट रिकामी आहे. परंतु मी ती दयेने दिली तर दहा बाप माझ्या दारी येतील. फ्रान्सिस झेवियरच्या सणाला जो मैलाच्या शर्यतीत पहिला येईल, त्याला ती खाट मिळेल. हे माझे वचन आहे."

मी मनात हसलो. मैलाच्या शर्यतीत शिदूला गाठणारं कोण होतं? खाट त्याचीच झाली असं मी धरून चाललो, आणि बारकूलाही तसंच सांगितलं.

सणाच्या दिवशी मैदानावर पताका लागल्या. ड्रायव्हर मंडळी सूट घालून, बायका डोक्याला रुमाल बांधून खुर्च्यांवर बसल्या. बारकू कुंपणाबाहेर करवंदीच्या जाळीपाशी उभा होता. आत ये म्हटलं तर आला नाही. पाहुणा म्हणून पुण्याहून रेल्वेचा एक साहेब यायचा होता आणि त्याचीच गाडी कामशेतला अडकून पडली. रेल्वेच्या साहेबाला रेल्वेनेच रखडवावं, याला काय म्हणायचं. तो पोहोचल्यावर लंगडी, दोरीखेच, पोत्यांत पाय घालून पळायची शर्यत, सगळं उशिरा सुरू झालं. मैलाची शर्यत शेवटची. तिची पाळी आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

मी फादरांना म्हटलं, "आज घंटा जरा मागे ठेवू या का?"

"मास्तर, ती घंटा बिशपसाठीदेखील थांबत नाही," ते म्हणाले.

मी वाद घातला नाही. गुडघे ठणकत होते, सकाळपासून बसायला मिळालं नव्हतं, आणि शर्यत तोवर उरकेल असंही वाटलं. शिट्टी दिली.

मैदानाचे चार फेरे म्हणजे मैल. पहिल्याच फेऱ्यात शिदू पुढे गेला. त्याच्या मागे कायतान, एका मेल ड्रायव्हरचा मुलगा, बोर्डिंगाचा कॅप्टन, अंगापिंडाने चांगला. बाकीचे मागे हाशहुश करत होते. शेवटच्या फेऱ्यात शिदू इतका पुढे होता की मला कायतानची दया आली. वळणावरून तो सरळ फितीकडे निघाला आणि चर्चची घंटा वाजली.

शिदू थांबला. हात सरळ, टाचा जुळलेल्या, मान किंचित खाली, अगदी मी शिकवलं तसा. फीत त्याच्यापासून चार ढांगांवर होती.

मागची पोरंही थांबली. दम लागलेल्यांना निमित्तच हवं होतं. सगळं मैदान उभं राहिलं. ड्रायव्हरांनी हॅट काढल्या, बायकांनी डोळे मिटले, फादरांनी हात जोडून मान खाली घातली. डोळे उघडे होते ते आम्हा हिंदूंचे आणि त्या प्रॉटेस्टंट साहेबाचे. कायतान तेवढा थांबला नाही. तो शिदूच्या खांद्याजवळून गेला, फीत तोडली, आणि मग गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला. "पळ रे," असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण घंटा चालू होती आणि माझीही जीभ उचलली नाही.

घंटा संपली. डोळे उघडून लोकांनी पाहिलं तर फीत कायतानच्या छातीवर. टाळ्या वाजल्या.

मी फादरांना बाजूला घेऊन झालेलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळला. डोळ्यांत पाणीच आलं म्हणा ना. "मरियामातेसाठी थांबला! हा मूर्तिपूजकाचा पुत्र! मास्तर, असा बालक पहिला नव्हे तर कोण पहिला? त्याला बोलवा."

माझ्या जिवात जीव आला. शिदूला आणताना मी हळूच म्हटलं, "फादर विचारतील का थांबलास. मरियामातेसाठी थांबलो म्हण. एवढंच म्हण." त्याने मान डोलावली. मला वाटलं, कळलं.

फादरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, तू का बरे थांबलास? मनात काय आले?"

शिदूने माझ्याकडे पाहिलं. मग फादरांकडे. खोटं बोलायची सवय नसलेलं पोर, त्याने जरा विचार केला.

"घंटा झाली की थांबायचं," तो म्हणाला. "न्हाईतर छडी बसती."

"आणि... प्रार्थना?"

"ती मला येत न्हाई, फादर."

फादरांचा हात खांद्यावरून खाली आला. रागावले नाहीत, थकल्यासारखे दिसले, इतकंच. त्यांनी कायतानला बोलावलं आणि तू का थांबला नाहीस म्हणून विचारलं.

"पळता पळताच क्रूसाची खूण केली, फादर," कायतान म्हणाला. "प्रार्थना पण म्हटली. मनात."

फादरांनी एकदा शिदूकडे पाहिलं, एकदा कायतानकडे. मग म्हणाले, "चालताना केलेली प्रार्थना देवाला पोहोचते. शर्यत कायतानने जिंकली."

"आणि खाट?" मी विचारलं. "कायतान बोर्डिंगातच राहतो. त्याला खाट आहे."

"जो पहिला येईल त्याला, असे माझे वचन होते, मास्तर. वचन बदलता येत नाही. पुढील वर्षी पुन्हा शर्यत आहेच." ते हे खरोखर मनापासून बोलत होते. साहेब घड्याळ पाहत होता. त्याला परतीची गाडी धरायची होती. कप दिला गेला, बँड वाजला, आणि बोर्डिंगातली एक खाट वर्षभरासाठी रिकामी राहिली.

मला इतका संताप आला की शिट्टी गळ्यातून काढून फेकून द्यावीशी वाटली. पण फेकली असती तर वाकून उचलावी मलाच लागली असती. मी कुंपणाकडे गेलो. बारकूने सगळं पाहिलं होतं, कळलं मात्र काही नव्हतं. मी नुसतं "नाही झालं" म्हटलं.

"बरं," बारकू म्हणाला. "मंग उद्या मुकादमाकडं जातो. तुमी लय केलंत, मास्तर."

शिदू माझ्यामागून आला होता आणि छातीवरचं नंबराचं फडकं सोडत होता. त्याने ते सोडलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. रडत नव्हता. काहीतरी न जुळणारं गणित सोडवत असावा तसा उभा होता.

"मास्तर, कायतानला छडी बसंल का?"

"नाही."

"आन् मी न थांबता पळालो असतो, तर मला बसली असती?"

पहिला आलेल्या पोराला कोण छडी मारतं? त्याच्या गळ्यात हार पडला असता आणि फादरांनी दुसरीकडे पाहिलं असतं. मी हे सगळं जाणून होतो.

"नाही बसली असती," मी म्हणालो.

"मंग त्यो नेम कुनासाटी हाय?"

खोटं सांगायला मला लाज वाटली. "तुझ्यासाठी," मी म्हणालो. "आणि माझ्यासाठी."

त्याने मान डोलावली, मघाशी डोलावली होती तशीच, आणि बापाच्या मागोमाग करवंदीच्या जाळीला वळसा घालून रस्त्याला लागला. मी तिथेच उभा राहिलो. पलीकडून पोरं मला सुटीच्या शिट्टीसाठी हाका मारत होती.